"बाहेरचा राउटर आमच्या मोडेमवर चालत नाही" असं सांगून भाडं उकळतात, सावध राहा

केबलचं इंटरनेट घेणाऱ्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या सगळ्यांसाठी लिहितेय. मोडेम म्हणजे केबलवरून नेट घरात आणणारा डबा, आणि राउटर म्हणजे ते नेट वायफायने घरभर वाटणारा डबा. कंपनीचा माणूस जर म्हणाला की आमच्या मोडेमला तुमचा स्वतःचा राउटर चालणार नाही, आमचाच घ्यावा लागेल, दर महिन्याला थोडंसं भाडं बसेल, तर तिथेच थांबा आणि कशावरही सही करू नका. माझ्याकडून फक्त या एका वाक्याच्या जोरावर कितीतरी महिने पैसे घेतले गेले आणि ते वाक्य धादांत खोटं होतं. कंपनीचं नाव इथे घेत नाही कारण तक्रार अजून चालू आहे, आणि तसंही हा प्रकार एकाच कंपनीपुरता असेल असं मला वाटत नाही.

झालं असं की माझ्याकडे स्वतःचा चांगला राउटर होता, आधीच्या कनेक्शनवर काहीही कटकट न करता चालणारा. नवीन कनेक्शन घेताना फोनवर स्पष्ट विचारलं होतं की राउटर माझा आहे, मला फक्त मोडेम द्या, चालेल ना? "हो मॅडम, काहीच प्रॉब्लेम नाही." मग जोडणी करायला जो मुलगा आला त्याने भिंतीतून येणारी ती जाड गोल केबल मोडेमला लावली, दिवे बराच वेळ लुकलुकून स्थिर झाले, मग त्याने स्वतःचा लॅपटॉप वायरने मोडेमला जोडून स्पीड दाखवला, सगळं एकदम मस्त. नंतर तीच वायर लॅपटॉपमधून काढून माझ्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून नेट आत घेणाऱ्या खाचेत) लावली आणि नेट गायब. राउटरवरचा इंटरनेटचा दिवा लाल. त्याने माझा राउटर बंद-चालू केला, तरी लालच. मग त्याने बॅगेतून त्यांचा राउटर काढला, वायर त्याला लावली, आणि आता नीट वाचा, तो लावताना त्याने मोडेमची पिन सॉकेटमधून काढली, थोडं थांबला आणि परत लावली. नेट चालू. "बघा मॅडम, तुमच्या राउटरमध्येच इश्यू आहे, आमच्या मोडेमशी कंपॅटिबल नाहीये तो."

सगळं डोळ्यांसमोर झालेलं, एक राउटर चालला नाही, दुसरा चालला, मग वाद कशावर घालणार. त्याने टॅब पुढे केला, स्क्रीनवर फक्त सहीचा चौकोन, सही झाली आणि पुढच्या बिलापासून राउटरच्या भाड्याची ओळ सुरू झाली.

आता यातली मेख सांगते, कारण हीच ट्रिक कोणाच्याही घरी करता येते. केबल मोडेम चालू झाल्यावर त्याला जे पहिलं उपकरण जोडलेलं दिसतं त्याचा मॅक अ‍ॅड्रेस (उपकरणाचा ओळख क्रमांक) तो लक्षात ठेवतो, आणि किती उपकरणांना बाहेरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) द्यायचा हे कंपनी मोडेमला पाठवते त्या सेटिंगच्या फाइलमध्ये ठरलेलं असतं, घरगुती प्लॅनला बहुतेक वेळा एकच. त्याने आधी लॅपटॉप लावला म्हणजे ती एकुलती एक जागा लॅपटॉपने अडवली. त्यानंतर माझाच काय, जगातला कुठलाही राउटर लावला असता तरी मोडेम रीस्टार्ट केल्याशिवाय त्याला आयपी मिळाला नसता. त्यांचाही नसता मिळाला, म्हणून तर त्याने आपला राउटर लावताना बरोबर मोडेमची पिन काढली. माझ्या वेळी नाही काढली. त्याला हे माहीत नव्हतं यावर माझा अजिबात विश्वास नाही, रोज हेच काम करणारा माणूस आहे तो.

हे मला कळलं ते ऑफिसमध्ये नेटवर्क बघणाऱ्या एका सहकाऱ्याशी सहज बोलताना. तो म्हणाला, घरी जा, मोडेम बंद कर, त्यांचा राउटर काढून तुझा लाव, मग मोडेम चालू कर आणि दिवे स्थिर होईपर्यंत कशालाही हात लावू नको. केलं तसं. माझा "कंपॅटिबल नसलेला" राउटर पहिल्या फटक्यात चालू झाला. इतका संताप झाला की त्याच रात्री कस्टमर केअरला फोन लावला.

आणि मुळात कंपॅटिबल वगैरे प्रश्न राउटरच्या बाबतीत उभाच राहत नाही हो. मोडेम वेगळा, राउटर वेगळा. केबलवरून येणारा सिग्नल ओळखायचं काम मोडेमचं, त्याचं स्टँडर्ड आहे डॉक्सिस, केबललॅब्ज या केबल कंपन्यांच्या संशोधन संस्थेने १९९७ मध्ये आणलं, मग २००६ ला ३.० आणि २०१३ ला ३.१ आलं. तुम्ही स्वतःचा मोडेम विकत घेणार असाल तर मात्र तो कंपनीच्या मंजूर यादीत आहे का, कुठल्या डॉक्सिसचा आहे, हे बघावंच लागतं आणि त्यावर फोनची लाइन असेल तर तीही बघावी लागते. पण मोडेमच्या दुसऱ्या बाजूला असतो तो साधा इथरनेटचा पोर्ट, त्यातून राउटरला आपोआप आयपी मिळतो आणि हे काम कुठलाही राउटर करतो. क्वचित एखादी कंपनी युजरनेम-पासवर्ड किंवा व्हीलॅन नंबर (त्यांच्या नेटवर्कमधल्या विभागाचा क्रमांक) मागते, तेवढा त्यांच्याकडून विचारून घ्यायचा आणि टाकायचा, विषय संपला.

फोन केल्यावर त्यांनी ऐकून घेतलं, सॉरी म्हणाले आणि "मॅडम, तुमचा मोडेम जुना आहे, फ्रीमध्ये नवीन देतो" म्हणाले. मला वाटलं चला, निदान चूक तरी मान्य केली. पण हा नवीन डबा म्हणजे मोडेम आणि राउटर एकत्र, त्याचं स्वतःचं वायफाय चालू, आणि बिलात राउटर भाड्याच्या जागी आता "वायफाय मॅनेजमेंट" नावाची ओळ. फ्री होता फक्त डबा.

त्याच्यामागे माझा राउटर लावला तर नेट येत होतं पण घरातला कॅमेरा बाहेरून दिसेना, मुलाच्या गेममध्ये सारखी नॅट स्ट्रिक्ट अशी सूचना, राउटरच्या सेटिंगमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून काही उपयोग नाही. नॅट म्हणजे राउटरने एकच बाहेरचा आयपी घरातल्या सगळ्या उपकरणांत वाटणं, आणि इथे ते दोनदा होत होतं, डबल नॅट, म्हणजे एका राउटरच्या मागे दुसरा राउटर. हे ओळखायला आपल्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन वॅन आयपी (राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता) बघा. तो १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल, किंवा १७२.१६ ते १७२.३१ मधला असेल, तर समजायचं की कंपनीचा डबाही राउटरचं काम करतोय. १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कंपनीच एक आयपी अनेक ग्राहकांत वाटतेय, त्यावर घरात बसून काही करता येत नाही, कंपनीकडेच पब्लिक आयपी मागावा लागतो.

डबल नॅटचा उपाय म्हणजे ब्रिज मोड. डब्यातला राउटर आणि वायफाय बंद, तो नुसता मोडेम म्हणून राहतो, पुढचं सगळं तुमच्या राउटरकडे. मागितला तर एकजण म्हणाला या मॉडेलमध्ये ब्रिज मोडच नाही. पुन्हा फोन केला तर दुसरी म्हणाली आहे, पण बिझनेस प्लॅन घ्यावा लागेल. मग मी ईमेल केला, की तुमच्याकडचा एकजण म्हणतो नाही, दुसरी म्हणते आहे, तर या मॉडेलमध्ये ब्रिज मोड आहे की नाही आणि त्याला पैसे लागतात असं तुमच्या कुठल्या नियमात लिहिलंय ते लेखी कळवा. लेखी उत्तर काही आलं नाही, पण फोन आला, आणि बोलता बोलता त्या माणसाने तिकडूनच ब्रिज मोड चालू करून दिला. एक पैसा न घेता. म्हणून सांगते, तोंडी बोलूच नका, जे काही नाही म्हणतील ते लेखी मागा, अर्धं खोटं तिथेच गळून पडतं.

ब्रिज मोड मिळाल्यावरही एक लक्षात ठेवा, कंपनी त्या डब्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) स्वतःहून बदलत असते आणि अपडेट किंवा रीसेट झाला की तो कधीकधी परत राउटर मोडमध्ये जातो. सगळं नीट चालू असताना अचानक कॅमेरा वगैरे बंद पडलं तर आधी वॅन आयपी बघा. आणि ज्यांना ब्रिज मोड काही केल्या मिळतच नाही त्यांनी स्वतःचा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये (तो फक्त वायफाय देतो) टाकावा, नाहीतर डब्याच्या डीएमझेडमध्ये (बाहेरून येणारं सगळं एकाच उपकरणाकडे पाठवायची सेटिंग) आपल्या राउटरचा आयपी द्यावा, बऱ्यापैकी भागतं.

एवढ्यावरही संपलं नाही. मध्ये स्पीड अर्ध्याहून खाली आला, सारखं तुटायला लागलं, तर यांचं ठरलेलं उत्तर, "तुमचा स्वतःचा राउटर आहे ना मॅडम, मग आमची जबाबदारी नाही, माणूस पाठवला आणि फॉल्ट तुमचा निघाला तर व्हिजिट चार्ज लागेल." इथे बरेच लोक घाबरतात आणि कंपनीचा राउटर परत घेऊन मोकळे होतात. घाबरू नका. राउटर बाजूला ठेवा, लॅपटॉप वायरने थेट मोडेमला लावा, मोडेम रीस्टार्ट करा (आता का ते माहितीच आहे) आणि स्पीड मोजा. तिथेही कमीच येत असेल तर तुमच्या राउटरचा काही संबंध नाही, आणि या टेस्टचा व्हिडिओ काढून ठेवा. माझ्याकडे आकडा ९४ एमबीपीएसच्या आसपास येऊन थांबत होता, प्लॅन त्याच्या कितीतरी वर. असा आकडा दिसला की आधी वायर बदलून बघायची, कारण गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) वायरीतल्या आठही तारा लागतात, एखादी तुटली किंवा क्लिप नीट बसली नाही की जोडणी १०० वर उतरते आणि हातात ९४-९५ पडतात. आणि ती वायर कुठली होती? त्यांच्याच डब्यासोबत आलेली.

स्पीड सुधारला पण तुटणं चालूच राहिलं, त्यासाठी मोडेमचं स्टेटस पेज उघडलं, बऱ्याच केबल मोडेमना ते ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाकलं की दिसतं. त्यात डाउनस्ट्रीम पॉवर (मोडेमकडे येणाऱ्या सिग्नलची ताकद) उणे ७ ते अधिक ७ च्या आत असली की बरी समजतात, एसएनआर (सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर आहे ते) ३३ च्या वर हवा, अपस्ट्रीम पॉवर (मोडेम किती जोरात पाठवतोय ते) ५० च्या पुढे चढली की मोडेम ओरडून ओरडून बोलतोय असं समजायचं. माझी चढलेली होती आणि लॉगमध्ये (मोडेमच्या नोंदींत) टी-३ टाइमआउटच्या, म्हणजे कंपनीकडून वेळेत उत्तर न आल्याच्या, ओळींची नुसती रांग. त्याचे स्क्रीनशॉट पाठवले तेव्हा कुठे माणूस आला, बाहेरच्या बाजूचा गंजलेला स्प्लिटर (एका केबलच्या दोन करणारा जोड) बदलून गेला, त्यानंतर तुटलेलं नाही. व्हिजिट चार्ज अर्थातच लागला नाही, पण राउटरवर ढकलण्याचा प्रयत्न शेवटपर्यंत झाला.

आता परत करण्याचं. जुना राउटर मी केव्हाच जमा केला होता आणि तरी भाड्याची जुनी ओळ नव्या ओळीसोबत परत बिलात दिसायला लागली, विचारलं तर "सिस्टममध्ये उपकरण परत आल्याचं दिसत नाही". नशीब की देताना पावतीवर सीरियल नंबर आणि मॅक अ‍ॅड्रेस लिहून घेतला होता आणि डब्याच्या खालच्या स्टिकरचा फोटोही काढला होता, ते पाठवल्यावर तेवढे पैसे परत आले. नुसतं "राउटर १ नग मिळाला" अशी पावती घेऊ नका, त्याने काहीही सिद्ध होत नाही, नंबर पाहिजेच.

नियमांचं म्हणाल तर हे सगळीकडे चालवून घेतात असं नाही. युरोपियन युनियनच्या २०१५ च्या नियमात ग्राहकाला स्वतःच्या पसंतीचं उपकरण वापरायचा हक्क दिलाय, जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कंपनीला स्वतःचा राउटर गळ्यात मारता येत नाही, आणि अमेरिकेत २०१९ च्या कायद्याने ग्राहकाच्या स्वतःच्या मोडेम-राउटरवर भाडं लावायला बंदी आहे, ती डिसेंबर २०२० पासून लागू झाली. तुम्ही जिथे राहता तिथल्या नियामकाचा काय नियम आहे ते शोधा आणि तक्रारीत त्याचा उल्लेख करा, सुरात लगेच फरक पडतो.

सुरुवातीच्या महिन्यांचं भाडं मात्र मला अजून परत मिळालेलं नाही. मागितलं तेव्हा त्यांनी त्या टॅबवरच्या सहीचा पूर्ण फॉर्म पाठवला, आणि त्यात सहीच्या वर, जो भाग स्क्रीनवर दाखवलाच नव्हता, तिथे छापलंय की राउटर "ग्राहकाच्या विनंतीवरून" दिला आहे. माझ्या विनंतीवरून! मी तर फोनवर पहिल्यांदाच सांगितलं होतं की मला नको. त्या फोनचं रेकॉर्डिंग मी लेखी मागितलंय आणि तक्रार वरच्या पातळीवर नेलीय. तुमच्याकडे टॅब पुढे केला तर तो हातात घ्या, वरपर्यंत सरकवून वाचा, आणि असं वाक्य दिसलं तर ते काढून नवीन फॉर्म दाखवल्याशिवाय सही करू नका.