खुबा मोडला तर जवळ, गुडघा बदलायचा तर सवडीने

आमची मावशी मोरीत घसरली. एक पाय आखूड दिसत होता, पंजा बाहेर वळलेला. शेजारी म्हणाले, हाडवैद्याकडून पट्टी बांधून आणा. पुण्याचा मुलगा फोनवर म्हणाला, इकडेच आणा. या बोलाचालीत दोन दिवस गेले आणि माकडहाडापाशी कातडी लाल झाली.

खुब्याचं हाड लेपाने किंवा पट्टीने जागेवर बसत नाही. पायाला वजन लावून महिनोन्‌महिने झोपवलं, तर पाठीला जखमा, न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती. प्रकृती झेपणारी असेल तर ऑपरेशन २४ ते ४८ तासांत झालेलं बरं, म्हणजे बहुतेकांना दुसऱ्या दिवशीच वॉकर धरून उभं करता येतं. म्हणून जळगाव-धुळ्यात हाडांचा सर्जन, भूलतज्ज्ञ आणि गरज पडल्यास आयसीयू मिळत असेल, तर मोडका पाय घेऊन घाट ओलांडायची हौस नको. हृदय किंवा मूत्रपिंडाचा मोठा त्रास असेल तर गोष्ट वेगळी, मग डॉक्टर सांगतील तिकडे लगेच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती पहिल्याच भेटीत सांगा.

‘टोंगया दुखतस’, म्हणजे गुडघे दुखतात, ही तक्रार मात्र वर्षानुवर्षांची. तिथे घाई कुणालाच नाही. आधी व्यायाम, वजन कमी करणं, काठी. ते करूनही रात्रीची झोप मोडत असेल तर सांधा बदलण्याचा विचार. दोन-तीन ठिकाणी दाखवा, नाशिक-मुंबईलाही जा. पण ऑपरेशननंतरचे कित्येक आठवडे फिजिओथेरपीचे असतात. ती गावाजवळ कोण करणार, हे आधी ठरवा. गुडघा वाकायला रोजचा सराव लागतो, मोठ्या शहराचं नाव कामाला येत नाही.

पैशाचं थोडक्यात. वय ७० किंवा जास्त असेल तर उत्पन्न न बघता सरकारी योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. दवाखाना योजनेत आहे का, हे ऑपरेशन त्यात बसतं का, भरती होण्याआधी विचारा. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. बिलात सांध्याची रक्कम वेगळी दाखवायला लावा.

आणखी एक, जे आम्हाला कुणी सांगितलं नाही: साध्या पडण्याने खुबा मोडला म्हणजे बहुधा हाडंच ठिसूळ झालेली असतात. त्यावरची औषधं वेगळी मागावी लागतात. मावशीला ती चार महिन्यांनी सुरू झाली, कमोडची खुर्ची मात्र घरी येण्याआधीच आणून ठेवली होती.