नारायण पेठेतल्या छापखान्याचं नेटवर्क आणि बॅकअप: ओमाडा, सिनॉलॉजी आणि बॅकब्लेझबद्दल माझं मत

आमचं काम पुस्तकांची अक्षरजुळणी, मुखपृष्ठं आणि छोट्या आवृत्त्यांची छपाई. नारायण पेठेत जुन्या इमारतीचा तळमजला, पुढे दोन खोल्यांत सहा कॉम्प्युटर आणि मागे मशिन. सासऱ्यांच्या वेळी इथे छपाईच्या अक्षरांचे खिळे होते, आता फायली आहेत. एका पुस्तकाच्या फोल्डरमध्ये लेखकाचे पाच-सहा महिने असतात, म्हणून त्या फायली सांभाळणं हे छपाईइतकंच महत्त्वाचं काम आहे असं मी मानते. म्हणून आम्ही ओमाडाचा राउटर, सिनॉलॉजीचं फायली ठेवायचं यंत्र आणि बॅकब्लेझची ऑनलाइन साठवण घेतली. या खरेदीच्या वेळी मोठ्या आयटी ऑफिसांसाठीची माहिती ढीगभर सापडली, पण आमच्यासारख्या पाच-सात माणसांच्या धंद्यासाठी मराठीत फारसं काही मिळालं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात वायरपासून. राउटर आणि डिस्कवर लोक तासन् तास चर्चा करतात आणि वायर मात्र इलेक्ट्रिशियनवर सोडून देतात. आमच्याकडे लॅनची, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी वायर बरी होती, कॅट ५ई, म्हणजे गिगाबिटला (सेकंदाला १००० मेगाबिट वेगाला) चालणारी. तरी फायली मुंगीच्या पावलांनी जायच्या. एका मुलाने भिंतीवरचा सॉकेट उघडून दाखवला: आत आठ तारा, पण जोडलेल्या फक्त चार. उरलेल्या चार मागे दुमडून टेपने गुंडाळलेल्या. चार तारांवर १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट) चालतं, गिगाबिटला आठही लागतात. फरक किती पडतो बघा. १०० एमबीपीएसवर प्रत्यक्षात सेकंदाला ११ एमबीच्या आसपास माल जातो, म्हणजे फोटोंच्या पुस्तकाचं दोन जीबीचं फोल्डर हलायला तीन मिनिटं. गिगाबिटवर तेच काम वीस सेकंदांत होतं. सगळ्या सॉकेटमध्ये आठही तारा नव्याने जोडल्या, आठ पोर्टचा साधा गिगाबिट स्विच (सगळ्या वायरी एकत्र जोडणारा डबा) लावला, आणि या संपूर्ण खर्चात सर्वांत स्वस्त असलेल्या या कामाने रोजचा फरक सर्वांत जास्त जाणवला.

मागच्या खोलीसाठी नवी वायर हवी होती, ती आणायला तपकीर गल्लीत गेले. तिथे एक गोष्ट जरूर तपासा. पहिल्या दुकानात दाखवलेलं बंडल भावात जवळजवळ निम्मं होतं आणि हातात घेतल्यावर हलकं लागलं. एक तुकडा कापून मागितला आणि तार ब्लेडने खरवडली. वरचा तांबूस मुलामा निघाला, आत पांढरं ॲल्युमिनियम. अशी तार दोनदा वाकवली की तुटते, आणि वायरमधूनच वीज न्यायची असेल तर जास्त तापते. पूर्ण तांब्याची वायर खरवडली तरी आत तांबडीच राहते. विक्रेत्याला याचा राग येत नाही, उलट तो आपोआप चांगलं बंडल काढतो.

राउटर टीपी-लिंकचा ओमाडा ईआर६०५ घेतला. त्याचं मुख्य काम म्हणजे दोन इंटरनेट जोडण्या सांभाळणं: एक बंद पडली की तो स्वतःहून दुसरीवर जातो. पुण्यात रस्ता कधी खणला जाईल आणि फायबर कधी तुटेल याचा भरवसा नाही, त्यामुळे हे लागतंच. मात्र दोन्ही जोडण्या दोन कंपन्यांच्या असून पुरत नाही, त्यांच्या वायरी इमारतीत वेगवेगळ्या बाजूंनी यायला हव्यात. एकाच खांबावरून आल्या तर एका फांदीने दोन्ही जातात. जोडणी करायला येणाऱ्या मुलाला गच्चीवर नेऊन वायर कुठून येणार ते विचारा.

या राउटरमध्ये वायफाय नाही, ते वेगळं घ्यावं लागतं. आमच्या भिंती जुन्या, हातभर जाडीच्या. पुढच्या खोलीतलं वायफाय मागे पोचतच नव्हतं, आणि तसल्या भिंतीसमोर महागड्या राउटरच्या चार अँटेनाही काही करू शकत नाहीत. मागच्या खोलीच्या छताला ओमाडाचाच ईएपी६१० हा वायफायचा डबा लावला. त्याला वीज लॅनच्या वायरीतूनच मिळते, त्यामुळे वर प्लगपॉइंट काढावा लागला नाही. येणाऱ्या लेखकांसाठी पाहुण्यांचं वेगळं वायफाय ठेवलंय. त्यावरून इंटरनेट मिळतं, पण आमचे कॉम्प्युटर दिसत नाहीत. हे प्रत्येक दुकानाने करायलाच हवं. उणीव एकच: सेटिंगची पानं गुंतागुंतीची आहेत, ती बसवून देणारा जाणकार माणूस लागतो. बसवल्यावर मात्र आम्हाला परत हात लावावा लागलेला नाही.

आता फायली ठेवायची जागा. सिनॉलॉजी डीएस२२४+, नेटवर्कला जोडलेलं दोन डिस्कचं लहान यंत्र, आणि त्यात ४ टीबीच्या दोन आयर्नवुल्फ डिस्क. दोन्हींवर एकच माल लिहिला जातो, त्यामुळे वापरायला साधारण ३.६ टीबी मिळतात आणि एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही. पण याला बॅकअप म्हणू नका. एखाद्याने फाइल पुसली तर ती दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते.

त्यावर या यंत्रात चांगला उपाय आहे तो स्नॅपशॉटचा. दर तासाला फोल्डरची त्या क्षणीची अवस्था नोंदली जाते आणि जागा फक्त बदललेल्या भागापुरती लागते. दिवाळी अंकांच्या धामधुमीत एका लेखिकाबाईंनी संध्याकाळी फोन करून सांगितलं, "अहो, दुपारी केलेल्या दुरुस्त्या काढा, सकाळचीच कथा राहू दे." आमच्या ऑपरेटरने विंडोजमध्येच फाइलवर राइट क्लिक केलं, जुन्या आवृत्त्यांतून सकाळी अकराची काढली, बाईंना पीडीएफ पाठवली. पूर्वी याच कामासाठी छापलेलं प्रूफ शोधून पुन्हा टाइप करावं लागलं असतं. खंडणी मागणारा व्हायरस सामायिक फोल्डरमधल्या फायली कुलूपबंद करतो तेव्हाही हेच स्नॅपशॉट उपयोगी पडतात. यंत्र थेट इंटरनेटवर मात्र उघडं ठेवू नका. ऑगस्ट २०१४ मध्ये सिनोलॉकर नावाच्या व्हायरसने याच कंपनीची जुन्या सॉफ्टवेअरवर चालणारी, बाहेरून दिसणारी यंत्रं धरली होती.

मराठीत काम करणाऱ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. या यंत्रात सामायिक फोल्डर एन्क्रिप्ट केलं (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असं केलं), तर फाइलच्या नावाला मर्यादा येते: इंग्रजीत १४३ अक्षरं, आणि आपल्यासारख्या लिप्यांत ४७. देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. 'कवितासंग्रह अंतिम प्रूफ लेखकाच्या दुरुस्त्यांसह नवीन' हे आमच्याकडे रोज दिसणारं नाव तिथे बसत नाही. म्हणून आम्ही फोल्डर तसंच ठेवलं आणि एन्क्रिप्शन बाहेर जाणाऱ्या बॅकअपला लावलं.

बाहेर म्हणजे किती बाहेर, हा पुण्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा आमच्या छापखान्यातल्या खिळ्यांच्या केसेस चिखलाने भरल्या आणि हिशेबाच्या वह्यांचा लगदा झाला, हे सासऱ्यांनी कितीदा सांगितलंय. ते जुनं झालं म्हणावं, तर २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याने घरं नेली, आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरलं. बरेच व्यावसायिक रोज एक पोर्टेबल डिस्क पिशवीत घालून घरी नेतात. सवय उत्तम आहे, ती सोडू नका. पण दुकान पेठेत आणि घर नदीकाठी असेल, तर दोन्ही प्रती एकाच पाण्याच्या वाटेवर असतात. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दूर, हा नियम पुण्याला अगदी लागू पडतो.

दूरची प्रत बॅकब्लेझ बी२ या ऑनलाइन साठवणीच्या सेवेवर जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी भाव टीबीला महिना ६ डॉलर केला. आमचा माल १.३ टीबी आहे, म्हणजे त्या भावाने करासकट महिन्याला हजार रुपयांच्या आत भागतं. साठवलेल्या मालाच्या तिप्पट इतकं डाउनलोड दर महिन्याला फुकट आहे, आणि हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. इतर काही सेवांमध्ये माल ठेवणं स्वस्त पण परत आणणं महाग असतं, आणि परत आणायची वेळ येते तेव्हाच माणूस अडचणीत असतो. सिनॉलॉजीतलं हायपर बॅकअप हे सॉफ्टवेअर रोज रात्री फक्त बदललेला भाग पाठवतं आणि जुन्या आवृत्त्या सांभाळतं.

पहिल्यांदा पाठवताना धीर धरायला लागतो. इंटरनेट घेताना सगळे डाउनलोडचा वेग बघतात. बॅकअपला लागतो अपलोडचा, आणि तो जाहिरातीत बारीक अक्षरात असतो. ४० एमबीपीएस अपलोड सलग मिळालं तरी १.३ टीबी जायला तीन दिवस लागतात. आम्ही रात्री चालू करत होतो आणि सकाळी थांबवत होतो, म्हणजे दिवसाच्या कामाला त्रास नको. ज्या जोडणीत दोन्हीकडचा वेग सारखा असेल तीच घ्या.

एन्क्रिप्शनचा पासवर्ड हरवला तर कंपनीही माल उघडून देऊ शकत नाही. आम्ही तो कागदावर छापून एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये आणि एक आमच्या सीएंकडे बंद पाकिटात ठेवली.

बॅकब्लेझच्या उणिवाही सांगते. बिल डॉलरमध्ये येतं. आणि त्यांचं केंद्र भारतात नाही, हे काहींना सरळ अडचणीचं ठरेल. ११ ऑगस्ट २०२२ पासून कंपनी कायद्याखालच्या नियमांनुसार कंपन्यांनी हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचा आहे. आमची भागीदारी आहे, आम्हाला तो नियम नाही. पण तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा तरी अशा सेवेवर ठेवा जिचं केंद्र भारतात आहे. ॲमेझॉनचं मुंबईचं केंद्र २०१६ पासून चालू आहे आणि हायपर बॅकअप तिथेही पाठवू शकतं. जीएसटीच्या नोंदी तर सगळ्यांनाच वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायच्या आहेत. टॅली उघडं असताना त्याचं फोल्डर उचलू नका. आधी टॅलीतूनच बॅकअप काढायचा आणि रात्री ती फाइल पाठवायची.

बॅकअप उघडून बघणं हा माझ्या लेखी या साऱ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. आम्ही एक जुनं पुस्तक परत आणून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं. पेजमेकरची (पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरची) फाइल शाबूत आली, पण मजकुराच्या जागी अगम्य चिन्हं. कारण त्या काळचा मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत) नसून श्रीलिपीच्या फाँटमध्ये बांधलेला, आणि त्या कॉम्प्युटरवर तो फाँट नाही. पुण्यातल्या प्रत्येक जुन्या डीटीपीवाल्याकडे हे असणार: श्रीलिपी असो वा सी-डॅकचं आयएसएम, फाँट आणि सॉफ्टवेअर सोबत नसेल तर फाइल असून नसल्यासारखी. आता आमच्या प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरमध्ये चार वस्तू असतात: मूळ फाइल, वापरलेले फाँट, छपाईची पीडीएफ आणि युनिकोडमध्ये बदललेला मजकूर. सॉफ्टवेअरचे सेटअप आणि लायसन्स क्रमांक वेगळ्या फोल्डरमध्ये. डोंगलची (सॉफ्टवेअर चालायला कॉम्प्युटरला लावायच्या किल्लीची) प्रत होत नाही, ते कुलपात.

यंत्रच पाण्यात गेलं तर काय, हेही तपासून ठेवलं. दुसरं सिनॉलॉजी आणून त्यावर थेट परत घेता येतं, किंवा सगळा संच उतरवून हायपर बॅकअप एक्सप्लोरर या मोफत सॉफ्टवेअरने साध्या कॉम्प्युटरवर उघडता येतो. दुसरा मार्ग किचकट आहे. याबाबतीत कंपनीने आणखी सोपं काही द्यायला हवं.

गुगल ड्राइव्ह का नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलं. ड्राइव्ह मला आवडतं, लेखकांना प्रूफ पाठवायला आम्ही तेच वापरतो. पण कॉम्प्युटरवर पुसलं की तिकडेही पुसलं जातं आणि कचरापेटीत ३० दिवसच राहतं. आमच्याकडे दुसऱ्या आवृत्तीसाठी लेखक आठ वर्षांनीही येतात.

यूपीएसला (लाइट गेल्यावर चालू राहणाऱ्या बॅटरीला) विसरू नका. गुरुवारी महावितरणचं काम निघालं की लाइट जाते. यंत्र यूएसबी वायरने यूपीएसला जोडलंय, त्यामुळे बॅटरी संपत आली की ते स्वतः नीट बंद होतं. राउटर आणि फायबरचा डबाही त्याच यूपीएसवर.

यंत्र आणि दोन डिस्क मिळून साठ हजारांच्या आत गेले, राउटर, वायफाय, वायर आणि मजुरी वेगळी. आता दुकानात डीएस२२५+ दाखवतील. २०२५ च्या प्लस यंत्रांवर कंपनीने स्वतःच्याच डिस्क सक्तीच्या केल्या होत्या, ऑक्टोबर २०२५ मध्ये यंत्राचं सॉफ्टवेअर डीएसएम ७.३ आल्यावर ती सक्ती मागे घेतली. सॉफ्टवेअर त्या आवृत्तीचं आहे ना, बघून घ्या. दोन-तीन कॉम्प्युटर असतील तर एवढं घ्यायची गरज नाही. चांगली वायर, गिगाबिट स्विच, आलटूनपालटून वापरायच्या दोन पोर्टेबल डिस्क आणि जुन्या आवृत्त्या ठेवणारी एखादी ऑनलाइन सेवा एवढ्यात भागेल. सहा-सात माणसं एकाच फायलींवर काम करत असतील, तर मात्र मी हीच जुळणी पुन्हा घेईन.