बंगळूर की लंडन? मनोविकार संशोधनात पाऊल टाकण्याआधी

दरवर्षी उन्हाळ्यात एखादी ज्युनिअर फोन करतेच. सायकॉलॉजीत एम.ए. झालेलं असतं किंवा एम.डी.चं शेवटचं वर्ष असतं, आणि हातात दोन होकार असतात. एक बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतला, दुसरा लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या मनोविकार संस्थेतला. "ताई, कुठे जाऊ?" मी स्वतः या दोन्हींपैकी कुठेच नव्हते. आधी महाराष्ट्रातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रकल्पात होते, नंतर ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात. पण दोन्ही पद्धतींचं पाणी चाखलंय, आणि या दोन संस्थांत वर्षानुवर्षं काम केलेल्या मैत्रिणी आहेत. मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते.

बहुतेक जण पगार आणि नाव यांची तुलना करतात. मी पहिला प्रश्न वेगळाच विचारते: दिवसभर तुझ्यासमोर कोण बसणार आहे?

निम्हान्स आधी इस्पितळ आहे, मग विद्यापीठ. जुनं मनोरुग्णालय आणि १९५४ मध्ये सुरू झालेली प्रशिक्षण संस्था १९७४ मध्ये एकत्र आली, त्यातून ते उभं राहिलं. अभिमत विद्यापीठाचा दर्जा १९९४ चा. त्यामुळे तिथलं संशोधन ओपीडीच्या गर्दीतून वाट काढत चालतं. रुग्ण एकटा येत नाही. बायको, मेहुणा, गावचा एखादा जाणता, सगळे सोबत. प्रश्न नवऱ्याला विचारला तर उत्तर बायको देते, आणि बऱ्याचदा तेच जास्त खरं असतं.

लंडनच्या त्या संस्थेत तुम्हाला कदाचित वर्षभर एकही रुग्ण दिसणार नाही. शेजारच्या मॉड्स्ली रुग्णालयाचा ट्रस्ट दक्षिण लंडनमधल्या चार बरोंना, म्हणजे शहराच्या चार प्रशासकीय विभागांना, सेवा देतो. तिथल्या रुग्णांच्या इलेक्ट्रॉनिक नोंदी ओळख पुसून संशोधकांना शोधता येतील अशी व्यवस्था त्यांनी केली आहे. तिचं नाव क्रिस. त्या नोंदींत रुग्णाच्या नावाच्या जागी पाच झेड असतात आणि नातेवाइकाच्या जागी पाच क्यू. 'झेडझेडझेडझेडझेड आज अस्वस्थ होता, क्यूक्यूक्यूक्यूक्यू त्याला घेऊन आली.' मैत्रिणीने हे सांगितलं तेव्हा हसू आलं, मग जरा गलबललं. आपल्याकडे खुर्ची ओढून मध्येच बोलणारी ती बायको तिथे पाच अक्षरांची झालेली. पण याच अक्षरांमुळे हजारो रुग्णांच्या औषधोपचाराचा माग काढता येतो, जो आपल्याकडे कागदी केसपेपरांच्या गठ्ठ्यांतून काढायचा म्हटलं तर जन्म जाईल.

मुलाखत घेणं म्हणजे काय, हे मी महाराष्ट्रातच शिकले. नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची ती प्रसिद्ध प्रश्नावली, पीएचक्यू-नाइन. 'गेल्या दोन आठवड्यांत उदास, खिन्न किंवा निराश वाटलं का?' खिन्न हा शब्द ऐकून समोरची बाई माझ्याकडे असं बघायची, जणू मीच आजारी आहे. तिचं उत्तर असायचं, "जीव लागत नाही कशात. डोकं जड. हातापायाला मुंग्या." हे उदास म्हणून लिहायचं की नाही? आणि 'दोन आठवडे' म्हटलं की माणसं थबकतात. 'मागच्या दोन बाजारांत' म्हटलं की पटकन आठवतं. अर्थात प्रमाणित प्रश्नात असे बदल परस्पर करायचे नसतात. ते गटाच्या बैठकीत मांडायचे, लिहून ठेवायचे आणि सगळ्या मुलाखतकारांनी एकसारखे वापरायचे, नाहीतर एकाच बाईला दोन मुलाखतकार दोन वेगळे गुण देतात. नवव्या प्रश्नाला, मरणाच्या विचारांच्या, 'हो' आलं तर फॉर्म बाजूला ठेवून डॉक्टरांना बोलावायचं, हेही तिथेच अंगवळणी पडलं.

पुढे ब्रिटनमध्ये याच प्रश्नावलीच्या आकड्यांचं विश्लेषण करताना गटातल्या कुणापेक्षाही मला एक गोष्ट जास्त ठाऊक होती: त्या आकड्याखाली काय दडलेलं असतं.

पण तिथली ताकद खोटी नाही. आठवड्याच्या बैठकीत संख्याशास्त्रज्ञ हजर असतो आणि तुमचा आवडता निष्कर्ष दहा मिनिटांत फाडून दाखवतो. विश्लेषण काय करणार ते आकडे बघण्याआधी लिहून नोंदवायचं, कोड दुसऱ्याकडून तपासून घ्यायचा, ही शिस्त लागते. गाइडला नावाने हाक मारायची. मला 'सर' गिळायला सहा महिने लागले. आणि ज्यांनी स्वतः आजार आणि उपचार भोगलेत तेच संशोधक, ही गोष्ट मला सगळ्यात भावली. किंग्जमध्ये अशा संशोधकांचा गट २००१ पासून आहे. आपल्याकडे रुग्णाला अजून बहुतेक 'सॅम्पल' म्हणतात.

उलट, प्रत्यक्ष रुग्णांना भेटायचं असेल तर तिथे एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची, नैतिक परवानगी, पोलिस पडताळणी, रुग्णालयात काम करण्याचं पत्र यांत महिने जातात. आपल्याकडे कागद कमी लागतात असं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार नुसत्या मुलाखतीसाठीही रुग्णाची माहितीपूर्ण संमती लागते, आणि परदेशी भागीदार असला की आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या समितीपुढे जावं लागतं. पण संमतीपत्रक हातात घेऊन "सही केल्यावर पैसे भरायचे का?" विचारणाऱ्या माणसाला खाली बसून समजावणं, हे काम कुठल्याच ऑनलाइन प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

आता पैसे. भारतात जेआरएफला (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, एसआरएफला (वरिष्ठ) ४२,०००, घरभाडं वेगळं. बंगळूरला एकट्या माणसाचं निभतं. ब्रिटनमध्ये सरकारी संशोधन परिषदेची पीएचडी शिष्यवृत्ती २०२५-२६ साठी वर्षाला २०,७८० पौंड, करमुक्त, लंडनला वर थोडी भर. त्यातले महिना ९०० ते १,००० पौंड साध्या खोलीत जातात. शिवाय व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार, विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, सगळ्या वर्षांचा एकदम आधी. शिष्यवृत्तीत फी पूर्ण धरली आहे का, हे लेखी विचारा. परदेशी विद्यार्थ्याची फी आणि स्थानिकाची फी यांतल्या फरकाने माणसं बुडतात.

बाकी उणीदुणी दोन्हीकडची सारखीच. माझ्या इथल्या प्रकल्पात निधीचा हप्ता अडकला आणि तीन महिने पगार नव्हता. डबा घरचा होता म्हणून तग धरला. तिकडे करार संपायच्या चार महिने आधीपासून गटातला प्रत्येक जण गुपचूप अर्ज भरत असायचा. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो आणि जेवायला बोलावणारं कुणी नसतं. मनोविकारांवर काम करणाऱ्यांच्या स्वतःच्या मनाची विचारपूस कुठल्याच गटात फारशी होत नाही, हे विनोदी आहे खरं.

एक गैरसमज मात्र आधीच काढून टाका. पीएचडी म्हणजे उपचार करण्याचा परवाना नव्हे, इथेही नाही आणि तिथेही नाही. इथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते. ब्रिटनमध्ये त्यासाठी वेगळा डॉक्टरेट अभ्यासक्रम आणि वेगळी नोंदणी आहे. लंडनची पीएचडी घेऊन पुण्यात क्लिनिक काढू म्हणणाऱ्यांना मी हे दोनदा सांगते.

मग कुठे जायचं? जनुकं, मेंदूची चित्रं, मोठ्या नोंदी यांत जीव असेल आणि गणिताची भीती नसेल तर लंडन, विचार न करता. नुकतीच एम.ए. झालेली आणि अजून शंभर रुग्णांशीही न बोललेली असाल तर आधी बंगळूर. गोव्यालाही बघा: मानसिक आरोग्यावर काम करणारी संगत ही संस्था विद्यापीठ नव्हे, पण लंडन-हार्वर्डच्या विद्यापीठांबरोबर तिने केलेलं काम जगभर वाचलं जातं. साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून नैराश्य-चिंतेवर उपचार करून बघण्याची त्यांची २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी गोव्यातल्या २४ आरोग्य केंद्रांत आणि दवाखान्यांत झाली होती, आणि तिथे मराठी-कोकणी येणं ही तुमची जमेची बाजू ठरते.

शिवाय ही दोन दारं एकमेकांत उघडतात. मुलांमधल्या वर्तनसमस्या आणि व्यसनांचा धोका तपासणाऱ्या सी-वेडा या अभ्यासात, ६ ते २३ वयाच्या सुमारे दहा हजार जणांच्या उद्दिष्टासह, निम्हान्स आणि किंग्ज दोघंही होते. अशा प्रकल्पात इथे दोन वर्षं काढलेल्या मुलीला तिथे शून्यातून ओळख द्यावी लागत नाही.

होकार देण्याआधी दोन्हीकडच्या गाइडना एकच विनंती करा: गेल्या तीन वर्षांत गट सोडून गेलेल्या दोघांशी बोलू द्या. लंडनवाल्याला विचारा, मला रुग्ण कधी भेटतील. बंगळूरवाल्याला विचारा, मुलाखती कोणत्या भाषेत होणार आणि कन्नड शिकायला पहिले तीन महिने मोकळे मिळणार का. बेळगाव-निपाणीहून आलेल्या कुटुंबांच्या वेळी तुम्हाला नक्की हाक मारतील, पण ओपीडीतली बाकीची रांग मराठी बोलत नाही.