जुन्या पीसीत नवं कार्ड टाकताय? सीएफ, साटा, यूएसबी, आयएसए... कोणाला काय परवडेल

धरणगावला मामांच्या जिनिंगवर वजनकाट्याच्या केबिनमध्ये एक पेंटियम थ्री आहे. काट्याचा डॉसवाला प्रोग्रॅम त्याच्यावरच चालतो, वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरची सिरीयल वायर मागे कॉम वनला (पहिल्या सिरीयल पोर्टला) लावलेली आणि शेजारी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. कपाशीचा सीझन सुरू झाला की पार रोडपर्यंत गाड्या लागतात आणि सगळं काम त्या एका मशीनवर अडतं. दिवाळीच्या आधी त्याची हार्ड डिस्क कटकट करायला लागली. त्याच महिन्यात जळगावच्या माझ्या मित्राने पण माळ्यावरचा तसाच पीसी खाली काढला, त्याला विंडोज ९८ वर शाळेत असतानाचे गेम खेळायचे होते. दोन्ही बोर्ड जवळपास सारखेच, इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचे, म्हणजे १९९८ च्या आसपासचा माल. तरी दोघांत मी वेगवेगळी कार्डं टाकली, आणि ज्याला ठरवायचंय त्याला याच्यातून बरंच समजेल म्हणून सविस्तर लिहितोय.

पैसे खर्च करायच्या आधी कॅबिनेट उघडून बोर्डावरचे कार्ड खोचायचे स्लॉट बघा. लांब काळे असतील तर आयएसए, पांढरे आखूड म्हणजे पीसीआय, आणि एकच तपकिरी, जरा मागे सरकलेला, तो डिस्प्ले कार्डाचा एजीपी. पीसीआय एक्सप्रेस २००३ नंतर आलं, त्यामुळे आज दुकानात समोर टांगलेलं बहुतेक कार्ड तुमच्या बोर्डात बसणारच नाही. पीसीआय कार्ड घेताना त्याच्या सोनेरी दातांमधल्या खाचा बघा. जुन्या बोर्डावर ५ व्होल्टचा स्लॉट असतो, ३.३ व्होल्टची एकच खाच असलेलं कार्ड त्यात जात नाही, दोन खाचा असतील तर जातं. पण बसलं म्हणजे चालेलच असं नाही हं, कारण जुन्या एटी एसएमपीएसमधून (पॉवर सप्लायमधून) ३.३ व्होल्टची लाईनच येत नाही आणि काही कार्डांना ती स्लॉटमधून लागते. ४८६ किंवा सुरुवातीचा पेंटियम असेल तर हे आधी तपासा. आणि ३८६, ४८६ च्या बोर्डावर ती निळी, पिंपासारखी सोल्डर केलेली बॅटरी असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून पहिले ती काढा, ती गळते आणि आजूबाजूचे ट्रॅक खाऊन टाकते, मग कुठलं कार्ड घेऊन काय उपयोग.

आता मुख्य मुद्दा, हार्ड डिस्कच्या जागी काय. इथे दोन रस्ते आहेत.

पहिला म्हणजे आयडीई टू सीएफ (आयडीई म्हणजे जुन्या हार्ड डिस्कची रुंद केबलवाली जोडणी). कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड मुळातच आयडीईची भाषा बोलतं, म्हणून मधल्या अ‍ॅडॉप्टरवर डोकं चालवणारी चिपच नसते, नुसत्या पिना इकडच्या तिकडे नेलेल्या. ड्रायव्हर नको, स्लॉट पण अडत नाही, बायोसला (मशीन चालू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमला) ती साधी हार्ड डिस्कच वाटते. जिनिंगवर मी हेच लावलं. कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरच्या फॅनमध्ये रुईचा मुठीएवढा पुंजका होता आणि हार्ड डिस्कच्या खालच्या सर्किटवर तर बारीक तंतूंची अक्षरशः गादी झालेली. अशा जागेत, आणि त्यात आपल्याकडचा मे महिना म्हणजे पत्र्याखालच्या केबिनमध्ये काय होत असेल सांगायला नको, फिरणारा भाग नसलेली वस्तू असणं हीच खरी कमाई आहे. केबलची लाल कड एक नंबरच्या पिनेकडे, मास्टरचा जंपर, फ्लॉपीवाल्या छोट्या पिनेतून पॉवर, झालं.

सीएफच्या अडचणी पण सांगतो. स्वस्त अ‍ॅडॉप्टरमध्ये डीएमएच्या (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा नेणाऱ्या) लाईनी जोडलेल्याच नसतात, मग मशीन पीआयओ मोडमध्ये चालतं, म्हणजे सगळा डेटा प्रोसेसरलाच हलवावा लागतो, तिथे वरची मर्यादा सेकंदाला १६.६ एमबी. डॉसला तेवढं भरपूर आहे, ९८ ला ठीक, एक्सपीला जड जातं. शिवाय कॅमेऱ्यासाठी बनलेली बरीच कार्डं स्वतःला पेन ड्राइव्हसारखी काढता-घालता येणारी डिस्क म्हणून सांगतात, त्याच्यावर एक्सपी नखरे करतं. इंडस्ट्रियल सीएफ फिक्स्ड डिस्क म्हणून ओळख देतं, महाग पडतं पण कामाच्या मशीनला तेच घ्या. साईजची हाव नको. डॉस ६.२२ ला एका पार्टिशनला २ जीबीच्या पुढे दिसत नाही, काही जुने बायोस ५०४ एमबीलाच थांबतात, काही ८.४ जीबीला, त्या काळातले बरेच अवॉर्ड बायोस ३२ जीबीच्या वर डिस्क लावली की बूट होतानाच अडकून बसतात. मामांकडे ४ जीबीचं लावलंय, त्यातलं निम्मं पण भरलेलं नाही. आणि पार्टिशन ज्या मशीनमध्ये कार्ड राहणार त्याच मशीनमध्ये पाडा. मी आधी घरच्या पीसीवर पाडून नेलं तर तिथे बूटच होईना, कारण दोन बायोस एकाच कार्डाचे हेड-सिलिंडर (डिस्कवरच्या जागेचा हिशोब) वेगळे मोजतात.

दुसरा रस्ता पीसीआयचं साटा (आयडीईनंतर आलेली डिस्कची जोडणी) कार्ड आणि त्याच्यावर एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली डिस्क. मित्राच्या मशीनमध्ये हे टाकलं. फायदा असा की कार्डावर स्वतःचा बायोस असतो, बोर्डाच्या जुन्या साईज-मर्यादा सगळ्या बाजूला पडतात, आणि पीसीआय म्हणजे सेकंदाला १३३ एमबीचा रस्ता (कागदावर, आणि तो पण सगळ्या पीसीआय कार्डांत वाटलेला) म्हणजे एसएसडीचा पूर्ण वेग कधीच मिळणार नाही, पण फाईल शोधायला लागणारा वेळ इतका कमी होतो की ९८ डोळ्यासमोर उघडतं. चिप बघून घ्या, सिलिकॉन इमेजची ३११२ असेल तर ९८ चे ड्रायव्हर मिळतात. व्हीआयएच्या जुन्या साटा चिप नव्या डिस्कबरोबर वेग ठरवतानाच गोंधळतात, हार्ड डिस्कला त्यासाठी १.५ गिगाबिटचा जंपर असायचा, एसएसडीला तो नसतो, मग ती दिसतच नाही. मी मागवलेलं पहिलं कार्ड तर आणखीन वेगळंच निघालं, बायोसच्या चिपची जागाच रिकामी! डिस्क विंडोजमध्ये गेल्यावर दिसायची पण त्याच्यावरून बूट करता येईना. विकणाऱ्याने परत घेतलं नाही, म्हणून सांगतो, फोटोत ती छोटी चिप दिसली पाहिजे. नंतर बूट ऑर्डरमध्ये स्कझी (डिस्क जोडायची आणखी एक जुनी पद्धत) पहिलं ठेवायचं, जुन्या बायोसला असं कार्ड त्याच नावाने कळतं.

म्हणजे रोजची रोटी ज्याच्यावर चालते त्या मशीनला माझं मत डोळे झाकून सीएफ, आणि खेळायचं, जोडतोड करायचं मशीन असेल तर साटा. ९८ साठी रोज वापरणार असाल तर सीएफवर स्वॅप फाईल (मेमरी कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती) सारखी लिहित राहते आणि कार्ड झिजतं, हे पण धरा.

आता सिरीयल पोर्ट, कारण काटेवाले आणि प्रिंटिंग प्रेसवाले इथेच फसतात. बोर्डावरचा कॉम पोर्ट गेला की दुकानदार पीसीआय सिरीयल कार्ड देतो किंवा यूएसबी कन्व्हर्टर. जुना डॉस प्रोग्रॅम कॉम वन म्हणजे ३एफ८ पत्ता आणि आयआरक्यू ४ (प्रोसेसरला इशारा देणारी लाईन) एवढंच ओळखतो, थेट तिथेच जाऊन वाचतो. पीसीआय कार्डाला पत्ता बायोस वाटून देतो, तो भलताच असतो, आणि यूएसबी कन्व्हर्टर डॉसला दिसतच नाही. इथे नवं कार्ड काही कामाचं नाही, जुनं आयएसएचं मल्टी आयओ कार्ड (सिरीयल आणि समांतर पोर्टवालं) भंगारात मिळालं तर घ्या, त्याच्या दातांवरून शाळेतलं खोडरबर फिरवा, जंपर लावा आणि चालवा. समांतर पोर्टच्या डोंगलवर (सॉफ्टवेअरच्या लायसन्सच्या किल्लीवर) चालणारं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर असलेल्या पत्रिकावाल्यांना पण हेच लागू.

यूएसबी २.० चं पीसीआय कार्ड मात्र स्वस्तात मस्त, एनईसीची चिप असेल तर विशेष. ९८ ला पेन ड्राइव्हचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो एवढंच. नेटवर्कला रिअलटेक ८१३९ चिपचं कार्ड, डॉसपासून एक्सपीपर्यंत ड्रायव्हर आहेत. विंडोज १० बरोबर फोल्डर शेअर करायच्या भानगडीत पडू नका, जुनी पद्धत तिथे बंद असते, एफटीपीने (नेटवर्कवरून फाईली पाठवायच्या साध्या पद्धतीने) फाईली न्या.

हौसेवाल्यांसाठी आयएसएमध्ये सध्या मजा आहे खरी. पिकोगस नावाचं कार्ड निघालंय, त्याच्यावर २०२१ ला आलेल्या रास्पबेरी पाय पिकोचीच चिप, आणि ते अ‍ॅडलिबपासून ग्रॅव्हिस अल्ट्रासाऊंडपर्यंत वेगवेगळ्या साऊंड कार्डांचं सोंग घेतं, ज्यातलं मूळ एखादं शोधायला गेलं तर खिसा रिकामा होतो. पार पीसी-एक्सटीच्या काळातलं मशीन असेल तर एक्सटी-आयडीई कार्ड, त्याच्यावर सीएफ लागतं. आणि कधी भंगारात पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड सापडलं तर ते मोडीत जाऊ देऊ नका, डॉसच्या काळ्या स्क्रीनवर देवनागरी आणणारं कार्ड आहे ते, आपल्या भाषेचा इतिहास आहे.

मामांना मी नवीन पीसी घ्या असं पण म्हणालो होतो. ते म्हणाले, "हाई चालस ना भो, मंग कसाले बदलानं?" सगळा सीझन त्याच सीएफवर काढला, आणि तसंच दुसरं सीएफ सगळा प्रोग्रॅम टाकून, त्याच मशीनवर बूट करून बघून, ड्रॉवरमध्ये पावतीबुकांच्या खाली ठेवलंय, बदलायला पाच मिनिटं लागतात, हमालाला पण शिकवून ठेवलंय.