निर्बंधांचं कारण पुढे करून आमचा मुरंब्याचा कंटेनर कसा गिळला

अमेरिकेने २०१८ मध्ये इराणवर पुन्हा निर्बंध लादले, पण त्यातून अन्नपदार्थ वगळलेले आहेत. म्हणजे मुरंब्यावर बंदी नाही. अडचण वेगळीच आहे. इराणशी संबंध असलेला पैसा हाताळायला बाहेरच्या बँका धजावत नाहीत, त्यामुळे माल जातो आणि पैसे अडकतात. ही गोष्ट खरी आहे, आणि तिच्याच आडून आम्हाला लुटलं. अंबाजोगाई, केज, धारूर भागातल्या फळप्रक्रियावाल्यांनी हे जरूर वाचा, कारण तो माणूस अजून फोन फिरवतोय.

आमचं युनिट अंबाजोगाईजवळ आहे. केशर आंब्याचा मुरंबा आणि मोरावळा, दोन्ही काचेच्या बरणीत. मराठवाडा केशरला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरच्या चौकशा येतात, पण बहुतेक ताज्या आंब्याच्या. मुरंब्याची चौकशी वाशीच्या एका दलालाने आणली. खरेदीदार दुबईचा, माल एक २० फुटी कंटेनर, अर्ध्या किलोच्या सुमारे २० हजार बरण्या, किंमत २२ लाखांच्या आसपास. तीस टक्के आगाऊ, बाकीचे बँकेतून कागदपत्रं सोडवताना. हा गडी मालातला जाणकार होता. ब्रिक्स (साखरेचं प्रमाण) ६५ च्या खाली नको, लेबलवर अरबी मजकूर हवा, प्रत्येक खोक्यातली एक बरणी उलटी ठेवून झाकण गळतंय का बघा, असं सगळं तो स्वतःहून सांगायचा. लुबाडायला आलेला माणूस झाकणाची काळजी कशाला करेल, असंच कुणालाही वाटेल. आता कळतं की काळजी खरीच होती. माल त्याला पुढे विकायचाच होता.

आगाऊ रक्कम वेळेवर आली, पण दुबईहून नाही. हाँगकाँगच्या भलत्याच कंपनीच्या खात्यातून आली. विचारल्यावर उत्तर तयार होतं: "ताई, माल दुबईच्या जबल अली बंदरातून पुढे इराणच्या बंदर अब्बासला जाणार. इराणचं नाव दिसलं की बँक पैसे अडवते, म्हणून फिरवून आणावे लागतात." तिऱ्हाइताकडून निर्यातीचे पैसे घ्यायला रिझर्व्ह बँकेची सरसकट मनाई नाही. पण ते बँकेला आधी सांगावं लागतं, शिपिंग बिलात (कस्टम्सच्या निर्यात कागदात) तशी नोंद लागते आणि बँकेची खात्री पटावी लागते. आमच्या बँकेतल्या मॅडमनी खुलासा मागितला, तर दलालाने दोन्ही कंपन्यांच्या लेटरहेडवर शिक्क्यांसकट पत्रं पाठवली. अशी पत्रं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातही बनतात.

खरा डाव बीएलवर होता. बीएल म्हणजे बिल ऑफ लेडिंग, माल ताब्यात घ्यायचा जहाज कंपनीचा कागद. मूळ बीएल बँकेमार्फत गेलं, तर समोरच्याने पैसे भरल्याशिवाय त्याला ते मिळत नाही, आणि त्याच्याशिवाय कंटेनर सुटत नाही. न्हावा शेवाहून जहाज सुटलं आणि दलालाचा सूर बदलला. म्हणे, दुबईच्या बँकेने इराणच्या संशयावरून कागद परत पाठवले तर कंटेनर बंदरात पडून राहील, रोजचं भाडं तुमच्या अंगावर. उपाय त्यानेच सुचवला. कागद बँकेत घालूच नका, इथेच शिपिंग लाइनकडे बीएल सरेंडर करा, म्हणजे मूळ कागदाशिवाय तिकडे माल सुटेल, पैसे मी आधीच पाठवतो. संध्याकाळी स्विफ्ट कॉपी, म्हणजे बँकेतून परदेशी पैसे पाठवल्याची पावती आली, रक्कम आणि तारखेसकट. बीएल सरेंडर झालं. त्यानंतर शिपिंग लाइनच्या साइटवर आधी माल उचलल्याची आणि मग रिकामा कंटेनर परत आल्याची नोंद दिसली. आमच्या खात्यात मात्र काही आलं नाही.

एवढ्यावर थांबला असता तरी बरं होतं. पुढे एक ईमेल आला. न्यूयॉर्कच्या बँकेच्या तपासणी विभागाने म्हणे तुमची रक्कम निर्बंधांखाली रोखली आहे, क्लिअरन्स फी १ लाख ८० हजार. आणि भरायची कुठे, तर भारतातल्या एका करंट खात्यात! अडकलेले पंधरा लाख डोळ्यांसमोर होते. माझ्या दिरांनी त्याच दुपारी फी भरून टाकली.

खरी पद्धत नंतर आमच्या सीएंनी समजावली. अमेरिकेच्या अर्थखात्यातला ओफॅक नावाचा विभाग हे निर्बंध राबवतो. त्याच्या नियमांखाली पैसे गोठले, तर सोडवायला त्याच विभागाकडे परवान्याचा अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जाला फी नसते. कुठलीही बँक पैसे सोडायला ईमेलवरून फी मागत नाही. निर्बंध असलेल्या नावांची यादी ओफॅकच्या साइटवर कुणालाही फुकट शोधता येते. स्विफ्टच्या प्रत्येक पेमेंटला यूईटीआर नावाचा ३६ चिन्हांचा क्रमांक असतो, त्यावरून पैसे कुठवर आले हे आपली बँक बघू शकते. आमच्या कॉपीवरचा क्रमांक मॅडमनी टाकला, असं पेमेंटच नव्हतं. दुबईच्या खरेदीदाराचा पत-अहवाल ईसीजीसीकडून, म्हणजे निर्यातीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीकडून मागवता येतो आणि विमाही तिथेच मिळतो. दलालाचं यावरचं म्हणणं होतं, "इराणच्या मालाला ईसीजीसी लागू नाही." अहो, पण बिल दुबईच्या नावाने होतं ना!

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा फीच्या खात्यात उरलेले थोडे पैसे गोठवले गेले. ते मिळवायला आता कोर्टात अर्ज केलाय. मालाचे उरलेले पैसे आलेले नाहीत, म्हणून निर्यातीच्या पैशांवर नजर ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस प्रणालीत आमचं शिपिंग बिल उघडं दिसतं आणि त्याचा जाब बँक आम्हालाच विचारते. हाँगकाँगहून आलेल्या आगाऊ रकमेचाही खुलासा मागितलाय. दुबईच्या पत्त्यावर कंपनी नाही. दलालाचा जुना नंबर बंद आहे, पण गेल्या आठवड्यात धारूरच्या एका सीताफळ पल्पवाल्याला नव्या नंबरवरून तीच बंदर अब्बासची गोष्ट सांगून झालीय. या वेळी तो आगाऊ चाळीस टक्के देतोय.