नेवाशाची म्हणून विकलेली हातकुऱ्हाड

जुनी नाणी आणि तिकिटं विकणाऱ्या एका माणसाने मला १५ हजारांना अश्मयुगीन हातकुऱ्हाड विकली. प्रवरेकाठी नेवाशाला मिळालेली, लाखो वर्षांपूर्वीची, असं सांगून वर शिक्का मारलेलं 'प्रमाणपत्र'ही दिलं. वस्तू बनावट आहे. पैसे मागताच त्याने माझा नंबर ब्लॉक केला.

नेवाशाचं नाव त्याने विचार करून निवडलं होतं. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी १९५४ ते ५६ मध्ये नेवाशाला उत्खनन केलं, हे या विषयाची गोडी असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. दगडही बरोबर होता. तिथल्या हातकुऱ्हाडी बहुतांशी बेसाल्ट-डोलेराइट या काळ्या कातळाच्या, आणि हाही बेसाल्टच. अशी कुऱ्हाड मुठीत धरली की ती घडवणाऱ्याची पकड आपल्या तळव्याला कळते. ही ओढ खरी आहे, आणि हा माणूस नेमका तिच्यावरच धंदा करतो.

पुरातत्त्वाच्या एका अभ्यासकांनी भिंगाखाली पाहताच खोट दाखवली. छिलके उडवलेल्या खाचांच्या कडा ताज्या, धारदार होत्या, आणि त्यांवर लोखंडी हातोडीचे करडे ओरखडे होते. कोमट साबणपाण्यात तपकिरी रंग सुटला, खाली काळाभोर दगड निघाला. काळाने चढलेला थर असा धुतला जात नाही. तो दगडात मुरलेला असतो.

समजा, कुऱ्हाड अस्सल असती, तरी? १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय पुरावस्तू विकण्याचा धंदा करता येत नाही. त्याच्याकडे परवाना नव्हता, आणि ते प्रमाणपत्र त्याने स्वतःच छापलेलं. शिवाय जमिनीतल्या थरातून उपसलेलं हत्यार मुकं होऊन जातं. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरीला हत्यारं ज्वालामुखीच्या राखेसोबत मिळाली, म्हणून तर त्या राखेवरून त्यांच्या काळाचा विचार करता येतो. तीच कुणी पिशवीत भरून नेली असती, तर उरले असते नुसते दगड. म्हणून खरं-खोटं कसलंच हत्यार विकत घेऊ नका. पाहायचं असेल तर पुण्यात डेक्कन कॉलेजचं संग्रहालय आहे.

पोलिसांत तक्रार दिली आहे. पैसे दिल्याची नोंद आणि सगळे मेसेज जपून ठेवल्याने ती देता आली. तुम्हीही फसला असाल तर ते पुसू नका. हा माणूस अजून विकतोच आहे. सध्या त्याच घडणीची काळ्या बेसाल्टची कुऱ्हाड तो कर्नाटकातल्या हुणसगीची म्हणून दाखवतो. पण हुणसगीची हत्यारं बहुतेक चुनखडकाची असतात.