इंटरचेंजच्या जोडरस्त्यासाठी आरई वॉल: पॅनेल उत्तम, परीक्षा भरावाची

इंटरचेंजचं रुंदीकरण करताना शेजारून वाहनं चालूच राहणार असतील, तर उंच जोडरस्त्यासाठी प्रीकास्ट (आधीच ओतून तयार केलेली काँक्रीटची) पॅनेल आणि जिओग्रिड (मातीत थराथराने अंथरायची मजबूत जाळी) यांची आरई वॉल, म्हणजे जाळीने बांधलेल्या मातीची भिंत, बिनधास्त घ्यावी. सगळी उभारणी भरावाच्या बाजूने होते; बाहेर शटरिंग नाही, परांची नाही. आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटच्या) भिंतीचा पाया उंचीबरोबर पसरत जातो, त्यामुळे सहा मीटरच्या पुढे ती महागच पडते. शिवाय जमीन असमान खचली तर पॅनेलमधले 20 मिमीचे सांधे बरंच सांभाळून घेतात; आरसीसी भिंत तेवढ्यात तडकते.

पण पॅनेल हा नुसता चेहरा आहे. भार पेलते ती जिओग्रिडने बांधलेली माती, आणि ठेकेदाराचा हात आखडतो तोही तिथेच. 75 मायक्रॉनच्या चाळणीतून 15 टक्क्यांपेक्षा जास्त माल खाली गेला, की तो भराव परत पाठवा. जवळच्या खाणीतला चिकण मुरूम स्वस्त पडतो, पण पावसाचं पाणी धरून ठेवतो. मग पाण्याचा दाब पॅनेलवर येतो आणि भिंतीला पोट सुटतं. पॅनेलमागे 600 मिमी जाडीचा खडीचा निचरा थर आणि सांध्यांवर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) हवंच. सांध्यातून माती गळताना दिसली, तर कापड फाटलंय किंवा लावलेलंच नाही.

जिओग्रिडची लांबी साधारण भिंतीच्या उंचीच्या 0.7 पट धरतात. म्हणजे 8 मीटर उंचीला 5.6 मीटर. एका लेनच्या अरुंद रॅम्पवर दोन्ही बाजूंच्या जाळ्या मधे एकमेकींवर येतात. तिथे दोन जाळ्यांमध्ये मातीचा थर राहिलाच पाहिजे, नाहीतर जाळीवर जाळी घसरते. एकच जाळी दोन्ही पॅनेलना जोडण्याचा शॉर्टकटही नको; भिंतीला हलायला वाव उरत नाही आणि दाब वाढतो.

रोल उलगडताना दिशा तपासा. एकदिश (एकाच दिशेने ताण घेणाऱ्या) जाळीची ताकद रोलच्या लांबीतच असते. आडवी अंथरली तर ती नसल्यासारखीच. जाळी ताणून धरावी आणि भराव पॅनेलकडून जाळीच्या मागच्या टोकाकडे लोटावा, म्हणजे ढील मागे निघून जाते. पॅनेलपासून दीड-दोन मीटरमध्ये जड रोलर नको, प्लेट कॉम्पॅक्टरच चालवा, थर 200 मिमीचे. रोलर जवळ आला की पॅनेल ओळंब्याबाहेर जातं आणि वरच्या ओळीत ती चूक झाकता येत नाही.

पुलाच्या टोकाशी पाइल (पायाचा खोल खांब) भरावातून वर येत असेल, तर जाळी कापून वाट काढू देऊ नका. तिथली मांडणी डिझायनरकडून आधीच वेगळी काढून घ्यावी.

डोंगर कापून रस्ता काढायच्या बाजूला मात्र ही भिंत घेऊ नका. पुण्याच्या चांदणी चौकात जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 रोजी स्फोटाने पाडला आणि रुंदीकरणासाठी खडकही फोडावा लागला. अशा जागी जाळीपुरती जागा करायला आणखी डोंगर कापावा लागतो. तिथे सॉइल नेलिंग (कापलेल्या मातीत सळया ठोकून ती धरणं) किंवा रॉक बोल्ट (खडकात बसवायचे बोल्ट) बरे.

क्रॅश बॅरिअर (वाहन खाली जाऊ नये म्हणून कडेचा कठडा) पॅनेलवर टेकवायचा नाही, त्याला स्वतंत्र फ्रिक्शन स्लॅब (भरावावर टेकून धडक पेलणारा काँक्रीटचा स्लॅब) लागतो. पथदिव्यांच्या केबलचे डक्ट आणि गटारही भरावापूर्वीच ड्रॉइंगवर दाखवून घ्या. नंतर चर खणणारा जेसीबी वरच्या दोन-तीन जाळ्या सहज तोडतो.